चौथा कसा होता?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचं नाव माझ्या मागच्या फलकावर लिहिलेलं आहे. मी त्यांना जन्मभर वस्ताद म्हणूनच हाक मारली, आजही तेच म्हणेन. पूर्ण नावानं बोलायला लागले तर दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे असं मला वाटत राहील.

आमच्या गावच्या तालमीत बाईमाणसानं पाऊल ठेवायचं नाही, अशी रीत होती. १९८० साली, पंधरा वर्षांची असताना, मी वस्तादांकडे गेले आणि मला मेहनत शिकायची आहे म्हणाले. तालमीत 'व्यायाम' कुणी म्हणत नाही, 'मेहनत' म्हणतात, एवढं मला भावाकडून ठाऊक होतं. त्यांनी रीत मोडली नाही आणि मला परतही पाठवलं नाही. पोरं सातला निघून गेली की तालमीमागच्या अंगणात, चिंचेखाली, ते मला शिकवायचे. पहिले दोन महिने हातात फिरवायला ना मुद्गल दिला, ना करेल. एक काठी दिली. ती काठी आज मी सोबत आणली आहे, तिच्याकडे शेवटी येते.

वर्षानुवर्षं, वीस-तीस-चाळीस वर्षं जड उचलत राहायचं आणि शरीर मोडून घ्यायचं नाही, हे कसं साधतं, त्याबद्दल मला बोलायचं आहे. मी एकदा मोडून घेतलं होतं. तिथूनच सुरुवात करते.

साल १९९४. मी एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होते आणि पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेची तयारी करत होते. दिवसभर मुलांचे सामने घेऊन दमले होते. संध्याकाळी जिममध्ये गेले आणि अंग न तापवता बारला हात घातला. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहायचं. ९० किलो, पाच वेळा. पाचव्या वेळी बार गुडघ्यापर्यंतही आला नव्हता, आणि कमरेत काहीतरी सरकलं. डाव्या पायात पार करंगळीपर्यंत कळ गेली. बार सोडला आणि तिथंच फरशीवर आडवी झाले. मणक्यांमधली चकती सरकली होती. पुढचे तीन आठवडे माझ्या पायात मोजे आई घालत होती.

वस्ताद एसटीनं भेटायला आले. खाटेशेजारी खुर्चीवर बसले. चहा संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग विचारलं, "कितवा होता?"

"पाचवा."

"चौथा कसा होता?"

मला तेव्हा त्या प्रश्नाचा राग आला. माझं दुखणं पाचव्यात होतं, हे चौथ्याची चौकशी का करताहेत? पण दिवसभर छताकडे बघत पडलेल्या माणसाला दुसरं काम नसतं, आणि मला हळूहळू चौथा आठवायला लागला. चौथ्यात पाठीला पोक आलं होतं. बार नडगीला घासून वर यायला हवा, तो वीतभर पुढे गेला होता. तिसऱ्यात बार हलण्याआधीच ढुंगण वर गेलं होतं, म्हणजे पायांनी काम सोडलं होतं आणि सगळं कमरेवर आलं होतं. त्याच्याही मागे गेले. त्या आठवड्यात रोज सकाळी बूट बांधताना कमरेत एक बारीकशी चमक यायची, दहा मिनिटांत जायची. त्याच्या मागचा महिना आठवला. स्पर्धा जवळ आली म्हणून मी दर आठवड्याला पाच-पाच किलो वाढवत होते. पुढच्या खेपेला वस्ताद आले तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे पाचव्यात काय झालंच नाही. जे झालं ते आधीच झालं होतं."

गेली तीस वर्षं मी लोकांना वजन उचलायला शिकवते. दुखापत घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न विचारत आले आहे, आणि आजवर एकही माणूस असा भेटला नाही की ज्याला विचार केल्यावर त्याचा 'चौथा' सापडला नाही.

आपल्या भाषेला हे फार आधीपासून कळलेलं दिसतं. कंबर धरली तर आपण काय म्हणतो? उसण भरली. लचक भरली. पाठीत चमक भरली. भरली! भरायला वेळ लागतो. रांजण एका तांब्यानं भरत नाही. शेवटचा तांब्या ओतला की पाणी काठावरून सांडतं आणि आपण त्या तांब्याला दोष देतो. उसण भरलेला माणूस सांगतो, "काही नाही हो, नुसती खाली पडलेली पेन्सिल उचलायला वाकलो." पेन्सिलीचं वजन किती! ती फक्त शेवटची होती.

आता भरतं ते कशामुळे? यामागचं कारण समजून घ्यायला मला पुष्कळ वर्षं लागली.

मेहनत सुरू केली की स्नायू लवकर तयार होतात. दोन महिन्यांत दंड भरल्यासारखा दिसतो, ताकद तर त्याही आधी वाढते, कारण आहे त्या स्नायूंना एकदम कामाला लावायला मेंदू शिकतो. पण स्नायू हाडाला ज्या दोरीनं बांधलेला असतो ती कंडरा, हाडाला हाडाशी जखडणारे बंध, सांध्यातली कूर्चा, या सगळ्यांना रक्त कमी मिळतं आणि त्यांची वाढही सावकाश होते. त्यांना महिने लागतात, कधी वर्षं. म्हणजे बैल तगडा झाला, पण जू आणि नाडा जुनाच. तीन महिन्यांनी पोराला वाटतं आता मी काहीही ओढीन. त्याचा स्नायू खरंच ओढतो. मग खांदा, कोपर, गुडघा दुखायला लागतो.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली यावर एक फार सुंदर काम प्रसिद्ध केलं. १९५५ ते १९६३ या काळात जगात अणुबाँबच्या इतक्या चाचण्या झाल्या की हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण जवळजवळ दुपटीवर गेलं, आणि त्यानंतर ते वर्षागणिक उतरत गेलं. झाडं ती हवा घेतात, आपण झाडं खातो. त्यामुळे शरीराचा जो भाग ज्या वर्षी घडला, त्या वर्षाच्या हवेचा शिक्का त्याच्यावर राहतो. संशोधकांनी टाचेमागच्या जाड कंडरेच्या गाभ्यातला हा शिक्का वाचला. तो निघाला माणसाच्या पहिल्या सतरा वर्षांतला. स्नायू आयुष्यभर स्वतःला नवा करत राहतो. कंडरेचा गाभा मात्र उंची वाढायची थांबेपर्यंत जो घडला तोच, जवळजवळ तसाच, जन्मभर पुरवायचा.

मी हे वाचलं त्या दिवशी जिममध्ये आलेल्या प्रत्येक माणसाच्या टाचेकडे पाहत होते. साठ वर्षांचे गृहस्थ, आणि त्यांच्या टाचेत ते शाळेत असतानाची दोरी! ती मेहनतीनं थोडी जाड होते, ताठ होते, पण गाभा बदलून मिळत नाही. आधी मी लोकांना काळजीनं सांगायची, "जपून." त्या दिवसापासून त्या सांगण्यामागे आदर आला.

वस्तादांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी तालमीत आलेल्या नव्या पोराला पहिला महिनाभर ते कुस्तीच्या हौद्यातली माती उकरायला लावायचे, खोऱ्यानं, डाव्या हातानं आणि उजव्या हातानं आलटून पालटून. मग थोडे जोर, थोड्या बैठका. महिन्याला पाच जोर वाढवायचे, त्याहून जास्त नाही. कुणी म्हणालं, वस्ताद, मला शंभर जमतात, तर म्हणायचे, "जमतात तुला. तुझ्या मनगटाला विचारलंस का?" आणि निघताना रोज सगळ्यांना तेच वाक्य: "दोन अंगात ठेवून घरी जा." जेवढे जोर निघतील त्यातले दोन मारायचे नाहीत, शिल्लक ठेवायचे.

आज जिममध्ये याच्या बरोबर उलट ऐकू येतं. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो, म्हणून स्पष्ट बोलते. बारखाली माणूस थरथरतो आहे, त्याचे गुडघे आत पडताहेत, पाठ वाकली आहे आणि शेजारी उभा असलेला ट्रेनर ओरडतो आहे, "अजून एक! अजून एक!" त्या ओरडण्यात वाईट हेतू नसतो, उत्साह असतो. पण वाकड्या अंगानं मारलेल्या त्या एकानं ताकद फारशी वाढत नाही, आणि रांजणात मात्र एक तांब्या पडतो. वेग मंदावला आणि घाट बिघडला की सेट संपला. आकडा आठ ठरला होता आणि सहाव्यालाच घाट बिघडला, तर सेट सहाचा. माझ्याकडच्या मुलींना मी आकडे मोजायला लावत नाही, चांगले मोजायला लावते. "किती झाले?" या प्रश्नाचं उत्तर त्यांनी चांगले किती झाले तेवढंच द्यायचं.

नव्या माणसानं पहिल्याच दिवशी दोन-तीनशे बैठका मारल्या तर सांध्यांच्याही आधी संकट येऊ शकतं. स्नायूंचे तंतू फुटून त्यांतला ऐवज रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर त्याचा भार येतो. मेहनतीनंतर एक-दोन दिवसांत लघवी गडद, काळ्या चहासारखी झाली आणि मांड्या सुजून दगड झाल्या, तर चोळत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पैजेवर बैठका मारणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी हे ऐकून ठेवावं.

बैठकांचा विषय निघाला आहे तर गुडघ्याचं बोलते, कारण दर व्याख्यानानंतर हा प्रश्न येतोच: खाली बसताना गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ द्यावा की नाही? आपल्या तालमीतल्या बैठकेत टाचा उचललेल्या असतात आणि गुडघा चांगला हातभर पुढे जातो. पिढ्यान् पिढ्या पैलवानांनी तशाच बैठका मारल्या. जिममध्ये मात्र सांगतात, गुडघा बोटांच्या पुढे गेला की खराब झालाच. अमेरिकेत २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. खांद्यावर बार घेतलेल्या माणसांच्या गुडघ्यापुढे फळी उभी केली, म्हणजे गुडघा पुढे जाऊच नये. गुडघ्यावरचा पीळ साधारण बावीस टक्क्यांनी कमी झाला, आणि खुब्यावरचा दहा पटीहून जास्त वाढला. धड पुढे झुकलं, ओझं गुडघ्यावरून उठून खुब्यावर आणि कमरेवर जाऊन बसलं. ओझं नाहीसं होत नसतं, ते फक्त जागा बदलतं. म्हणून माझं उत्तर असं: गुडघा पुढे जाऊ दे, पण आत पडू देऊ नको. तो पावलाच्या रेषेतच राहायला हवा. आणि किती खोल, किती वेळा, हे हळूहळू वाढव. दुखऱ्या गुडघ्यानं टाच उचललेल्या बैठकांपासून सुरुवात करू नये. टाच टेकवून, खुर्चीवर बसून उठण्यापासून करावी.

कमरेचं मात्र सविस्तर सांगायला हवं. गेल्या तीस वर्षांत मी सगळ्यांत जास्त तीच पाहिली आहे.

मराठीत आपण म्हणतो 'कमरेतून वाकणे'. इथं मात्र आपल्या भाषेनं थोडा घोटाळा केला आहे. ओझं उचलताना वाकायचं ते जांघेतून. मांडी जिथं धडाला मिळते तो खुब्याचा सांधा म्हणजे उखळीत बसलेलं मुसळ, शरीरातला सर्वांत मजबूत सांधा. त्याच्याभोवती सर्वांत मोठे स्नायू. वाकणं हे त्याचं काम. कंबर म्हणजे एकावर एक रचलेल्या पाच मणक्यांची उतरंड, मधे चकत्या. ती धड सांभाळायला आहे. खुबा आखडलेला असला, किंवा त्याला वाकवायची सवयच राहिली नसली, की त्याचं काम कंबर करते. एकदा केलं तर काही बिघडत नाही. वजन घेऊन, दमलेल्या अंगानं, हजारदा केलं की भरतं.

१९६०च्या दशकात स्वीडनमधले डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी जिवंत माणसाच्या कमरेतल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. आडवं पडल्यावर सगळ्यांत कमी, उभं राहिल्यावर जास्त, पुढे वाकून वजन धरलं की आणखी किती तरी जास्त. यामागचा हिशोब तागडीचा आहे. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम दोन-अडीच इंचांवर असतात. वीस किलोचा डबा तुम्ही मणक्यापासून वीस-पंचवीस इंच लांब धरलात, तर तो तोलायला पाठीला त्याच्या दहापट, दोनशे किलोंचा जोर लावावा लागतो, आणि झुकलेल्या धडाचं वजन आणखी वेगळं. तोच डबा पोटाशी धरला तर हिशोब निम्म्याखाली येतो.

मार्केट यार्डातला जुना हमाल पाहा. नवखा पोतं जागेवरूनच हिसकतो. जुना हमाल आधी आकड्यानं पोतं काठावर ओढून घेतो, उभं करतो, स्वतः त्याच्याखाली शिरतो, पाय रोवतो आणि मग उठतो. पोतं त्याच्या अंगाला चिकटलेलं असतं. डोक्यावर हंडा घेणाऱ्या बाया बघा: हंडा आधी मांडीवर, मग दुसरीच्या मदतीनं डोक्यावर. हे तंत्र आहे, आणि त्याचा वर्ग कुणी भरवला नव्हता. दुःख इतकंच की भातलावणीच्या चिखलात दिवसच्या दिवस ओणवं राहणाऱ्या त्याच बायांना कमरेचं कुणी काही सांगत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. रात्री आपण आडवे असतो तेव्हा चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी उठल्यावर माणूस रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते. म्हणून अंथरुणातून उठल्या उठल्या जड ओझ्यासाठी वाकू नये, पहिला तासभर तरी. आता तुम्ही विचाराल, तालमीतली पोरं तर पहाटे चारला उठून माती उकरायची, त्याचं काय? मीही वस्तादांना हे विचारलं होतं. ते आधी पोरांना ओढ्यापर्यंत पळवून आणायचे, मग विहिरीचं पाणी शेंदायला लावायचे, आणि मग हौदा. सगळ्या तालमींत असं होत असेल असं मी म्हणणार नाही. परंपरा म्हणून जे चालत आलं ते सगळं निर्दोष होतं, असंही मला वाटत नाही. कमरेनं आणि गुडघ्यांनी जायबंदी होऊन चाळिशीतच काठी घेतलेले पैलवान मी पाहिले आहेत.

पण त्या परंपरेत एक व्यवस्था अशी होती की जी आपण गमावली, आणि तिची मला फार खंत वाटते. वस्ताद आणि हाडवैद्य हा पुष्कळदा एकच माणूस असे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्राध्यापक माणिकराव हे त्यातलं मोठं नाव. मेहनत शिकवणारे तेच, आणि निखळलेला सांधा बसवणारेही तेच. विचार करा, सकाळी ज्याला तुम्ही करेल फिरवायला शिकवलं त्याचा खांदा संध्याकाळी तुमच्याच हातात येणार असेल, तर तुम्ही शिकवाल कसं? आज शिकवणारा जिममध्ये असतो आणि बरं करणारा दवाखान्यात. दोघांची गाठ पडत नाही. ट्रेनरच्या दृष्टीनं तो माणूस 'यायचा बंद झाला', एवढंच. फिजिओथेरपिस्टच्या दृष्टीनं तो 'खांदा' असतो; तो बारखाली कोपर किती उघडून झोपतो हे त्यानं पाहिलेलं नसतं. माझी या गावच्या जिमवाल्यांना आणि डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे: महिन्यातून एकदा एकत्र बसा, आणि ज्यांनी येणं बंद केलं त्यांची यादी समोर ठेवा.

असं एकत्र बसण्यानं काय होतं त्याचं उदाहरण मणिपूरची भारोत्तोलक मीराबाई चानू हिचं आहे. २०१७ साली ती जगज्जेती झाली, आणि २०१८ची आशियाई स्पर्धा तिला कमरेच्या दुखण्यामुळे सोडावी लागली. पुढे खांदाही त्रास देऊ लागला. २०२०च्या अखेरीला ती अमेरिकेत सेंट लुईसला डॉक्टर ॲरन हॉर्शिग यांच्याकडे गेली. हे गृहस्थ फिजिओथेरपिस्ट आहेत आणि स्वतः भारोत्तोलकही. त्यांनी तिच्या स्नायूंतला असमतोल शोधून त्यावर काम केलं. काही महिन्यांत, एप्रिल २०२१ मध्ये, ताश्कंदला तिनं ४९ किलो गटात ११९ किलो उचलून क्लीन अँड जर्कचा, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेण्याचा, विश्वविक्रम केला, आणि जुलैमध्ये टोकियोत २०२ किलोंसह ऑलिंपिकचं रौप्यपदक मिळवलं. शिकवणारा आणि बरं करणारा एकाच माणसात भेटले की काय घडतं, ते इथं दिसतं.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. सांगलीचा संकेत सरगर आपल्याकडचाच. ३० जुलै २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट. स्नॅचमध्ये, म्हणजे बार एका दमात डोक्यावर नेताना, ११३, क्लीन अँड जर्कमध्ये १३५, एकूण २४८. सुवर्ण समोर होतं. पुढच्या प्रयत्नात बार डोक्यावर असताना त्याच्या उजव्या कोपरानं दगा दिला. मलेशियाच्या खेळाडूनं २४९ उचलले. एका किलोनं सुवर्ण गेलं, आणि कोपराची शस्त्रक्रिया करावी लागली. मी तो क्षण टीव्हीवर पाहिला आणि त्या रात्री मला झोप आली नाही. त्याच्या तंत्रात खोट होती असं म्हणायची माझी लायकी नाही. स्पर्धेत माणूस कड्याच्या अगदी टोकावर उभा असतो, तिथं उत्तम तंत्रालाही हमी नसते. तंत्र धोका कमी करतं, संपवत नाही. पण आपल्यातल्या बहुतेकांना कुठलंही पदक जिंकायचं नाही. नोकरी, शेती, मुलं सांभाळून मेहनत करणाऱ्या माणसानं दर मंगळवारी त्या टोकावर जाऊन उभं राहायचं काय कारण?

आकड्यांनी बघायचं तर ताकदीचे खेळ वाटतात तेवढे घातक नाहीत. पॉवरलिफ्टिंगमध्ये सरावाच्या हजार तासांमागे साधारण एक ते चार दुखापती होतात असं अभ्यासांत दिसतं, आणि त्या बहुतेक खांदा, कंबर आणि गुडघ्याच्या. आठवड्याला तीन तास मेहनत करणाऱ्याचे हजार तास भरायला सहा-साडेसहा वर्षं लागतात. म्हणजे तीस वर्षं मेहनत करणाऱ्यानं मधे चार-सहा वेळा तरी काही ना काही दुखेल, हे धरूनच चालावं. मग प्रश्न उरतो तो असा की दुखलं तेव्हा त्यानं काय केलं. मी १९९४च्या दुखापतीआधीच्या त्या बूट बांधतानाच्या चमकेकडे दुर्लक्ष केलं. ती चमक आली त्या आठवड्यात वजन निम्मं केलं असतं तर पंधरा दिवस गेले असते. माझे नऊ महिने गेले.

श्वासाबद्दल दोन शब्द, कारण समोर पांढरे केस बरेच दिसताहेत. जड उचलताना श्वास भरून पोट चहूबाजूंनी घट्ट करायचं असतं. आत दाबलेली हवा मणक्याला आधार देते. पण श्वास कोंडून कुंथण्यानं रक्तदाब भयंकर चढतो. कॅनडात १९८५ साली शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून मोजलं, तेव्हा दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना सरासरी ३२०/२५० इतका दाब निघाला. निरोगी तरुण तो क्षणभर सोसतो. ज्यांना रक्तदाब आहे, हृदयाचा त्रास आहे, काचबिंदू आहे, त्यांनी हलकं वजन घ्यावं, उचलताना श्वास सोडावा आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

हे सगळं ऐकून कुणी घाबरून घरी बसलं तर मात्र माझं येणं फुकट गेलं. न उचलण्यानंही शरीर मोडतं, फक्त सावकाश. हाडं विरळ होतात, मांड्या आटतात, आणि एक दिवस मोरीत पाय घसरतो. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. नेटकं, सावकाश, कुणीतरी शेजारी उभं राहून. त्यांच्या पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. वय नव्वद!

जन्मभर मेहनत टिकवणाऱ्यांत मला औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आठवतात. त्यांनी तरुणपणी दहा वर्षं त्या काळचा नामांकित बलवान युजेन सँडो याच्या पद्धतीनं त्याची साधनं मागवून मेहनत केली होती. मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि उरलेलं आयुष्य रोज नमस्कार घालत राहिले, प्रजेला आणि शाळांतल्या मुलांना शिकवत राहिले. १९५१ साली वारले तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. नमस्कार श्रेष्ठ की डंबेल, या वादात मला रस नाही. मला त्यांच्यातला एकच गुण घ्यावासा वाटतो: नमस्काराची एकेक अवस्था कशी असली पाहिजे यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. राजानं बसून हात कुठं, गुडघा कुठं, कपाळ कुठं हे लिहावं! जे जन्मभर करायचं, ते नेमकं कसं करायचं याची त्यांना काळजी होती.

वस्ताद चौऱ्याऐंशी वर्षांचे असताना मी एकदा सुट्टीत गावी आले होते. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला म्हणाले, "पोरी, तो लहान मुद्गल दे." उभे राहिले, पाय रोवले, पाठीमागून मुद्गल फिरवायला लागले. मी मोजत होते. सातवा फिरवून त्यांनी मुद्गल खाली ठेवला. दहा तरी करतील असं मला वाटलं होतं. मी म्हणाले, "वस्ताद, अजून निघाले असते." ते खुर्चीत बसले, पंच्यानं मान पुसली आणि म्हणाले, "निघाले असते की. उद्या काढू."

आता काठी. ही पाहा, साधी पाच फुटांची वेताची काठी आहे. पाठीमागून अशी उभी धरायची, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. काठी तीन जागी टेकली पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, दोन फऱ्यांच्या मधे आणि माकडहाड. आता गुडघे किंचित सैल सोडून ढुंगण मागे न्यायचं, पाठीमागचं दार ढुंगणानं लोटायचं आहे असं समजून. धड पुढे झुकेल. काठी तिन्ही जागी टेकलेली राहिली तर तुम्ही जांघेतून वाकलात. माकडहाडावरून सुटली की कंबर वाकली; तिथं थांबायचं, वर यायचं. ज्याची काठी अर्ध्यातच सुटते त्यानं वजनाला हात लावायचा नाही, आधी काठीच करायची. मला दोन महिने लागले होते. नऊ महिन्यांच्या दुखण्यानंतर पुन्हा सुरुवात केली तेव्हा वस्तादांनी पुन्हा हीच हातात दिली, आणि तेव्हा तीन महिने लागले.

उद्या सकाळी साडेसातला तालमीमागच्या अंगणात मी थांबणार आहे. सध्याच्या वस्तादांनी उद्या तालमीचं पुढचं दारही सगळ्यांसाठी उघडं ठेवतो म्हणून सांगितलं आहे. बायांनी, मुलींनी तिथून आत यावं. येताना आपापली काठी आणा, डोक्यापासून माकडहाडापर्यंत पुरेल एवढी. अर्ध्या तासापूर्वी उठला असाल तर आधी ओढ्यापर्यंत चालून या.